पालखी परत जाईपर्यंत

हिनोकुरा
मेइजीचं चौथं वर्ष, आठवा महिना, बारावा दिवस

तोकू,

डोंगरावरच्या बहिणीचे तुला आणि तुझ्या घराला आशीर्वाद. मीठवाला ओटीवर खोळंबलाय. दिवस मावळायच्या आत त्याला दरीपलीकडे जायचंय, तेव्हा हवापाणी, पीकपाणी सगळं सोडून कामाचंच लिहिते.

माझ्या सुनेला, योनेला, दिवस गेलेत. अकराव्या महिन्यात मोकळी होईल असं सुईण तोराबाईंचं म्हणणं. बातमी गोड आहे, पण मला धास्ती वाटते, आणि ती का ते तुला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुला नुसतं 'मूल राहिलं नाही' एवढंच कळवलं होतं. आज सगळं ऐक.

त्या दिवशी सांजेला योनेला कळा सुरू झाल्या. माझा कुमाकिची धावत दरीवर गेला, तर येण्याजाण्यासाठी दिवसा आडवा टाकतात तो ओंडका अलीकडे ओढून घेतलेला. तोराबाई पलीकडच्या काठावर कंदील घेऊन उभ्या. दरी ती केवढीशी, त्यांचा खोकलासुद्धा अलीकडे ऐकू येत होता. पण ओंडका टाकायला चार माणसं लागतात, आणि 'दिवस मावळल्यावर दरीवर वाट असता कामा नये' हा किल्ल्याचा हुकूम मोडायला गावातलं कुणी पुढे आलं नाही. गावप्रमुख तोएमोनबाबा रात्रभर ओंडक्याशेजारी बसून राहिले. सकाळी तोराबाई आल्या तेव्हा मुलगा निळा पडला होता.

यंदा तर दिवसाउजेडीही जमायचं नाही. तोराबाईंचं अंग सुटलंय, गुडघे गेलेत, आणि बर्फ पडला की ओंडक्यावर मांजरसुद्धा ठरत नाही. योनेला तसल्या पोटानं त्यावरून पलीकडे न्यावं म्हटलं तर तो तिचा जीव घेण्याचाच प्रकार.

मला पूल हवाय. माणसानं दोन पायांवर सरळ चालत यावं असा पूल. तोएमोनबाबा म्हणतात, हुकूम रद्द झाल्याचा कागद दाखव. अरे, राजेसाहेबांचं राज्यच बरखास्त झालं, मग हुकूम कुणाचा उरला? पण त्यांना कागद हवा. तुला दत्तक देऊन शहरात सामुराई केलं ते काय नुसतं कमरेला तलवार लटकवायला? आयुष्यभर रस्त्यांच्या कचेरीत बसलास. कागद आण.

तुझी ताई,
नुई

&nbsp;

तोगावा शहर
नववा महिना, तिसरा दिवस

ताई,

तुझं पत्र वाचलं. एवढं सगळं तू दोन वर्षं पोटात ठेवलंस.

दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. पूर्वी जिथे आमचे साहेब मांडी घालून बसत, तिथे आता टोकियोहून आलेला एक तरुण अधिकारी खुर्चीवर बसतो. आधी त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. हो, मी शेंडी उतरवली. मानेला गार वारा लागतो, बाकी काही फरक नाही. मग त्याने नकाशा पसरला.

"हिनोकुरा? इथे तर नुसता डोंगर आहे."

"त्या डोंगरात रस्ता आहे, साहेब."

"नकाशात नाही."

"मुद्दाम दाखवलेला नाही."

"मग जो रस्ताच नाही, त्याच्यावर पुलाची परवानगी मी कशी देऊ?"

त्याचं बोलणं चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. मी आमच्या म्हाताऱ्या साहेबांकडे, कुवानांकडे गेलो. आता ते घरामागे मुळे लावतात. त्यांनी सांगितलं ते मला या खात्यात जन्म घालवूनही धड माहीत नव्हतं. ती राजघराण्याची पळवाट. किल्ला पडला तर राजांनी बायकामुलं घेऊन त्या वाटेनं डोंगरापलीकडे निसटायचं, आणि पाठलागावरच्या शत्रूला घोडा घालता येऊ नये. म्हणून वाट अरुंद, वळणं आंधळी, बांबू वाढू द्यायचा, दरीवर पूल नाही. जगात लोक रस्ता चांगला राहावा म्हणून राबतात. आपलं गाव दोनशे वर्षं तो वाईट राहावा म्हणून राबलं. त्याच्या बदल्यात गावाला मोठ्या रस्त्यावरची हमाली माफ होती.

मी विचारलं, हा हुकूम आता कोण मागे घेणार? कुवाना म्हणाले, "ज्यांनी दिला ते राजे मरून दोनशे वर्षं होत आली. सध्याचे राजे टोकियोला गेले. आणि नव्या सरकारला तो हुकूम होता हेच ठाऊक नाही. जो हुकूम कुणाला माहीत नाही, तो रद्द कोण करणार?"

ताई, मी हात टेकले. माझं ऐक, बर्फ पडायच्या आत योनेला कसंही करून इकडे घेऊन ये.

तुझा,
तोकुजिरो

&nbsp;

हिनोकुरा
नववा महिना, एकोणिसावा दिवस

तोकू,

'कसंही करून घेऊन ये' म्हणे. कशावर बसवून आणू? तुझ्या नकाशावर? खालून नदीकाठानं फिरून यायचं तर वाटेत दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागतात. शेंडीबरोबर थोडी अक्कलही उतरवलीस की काय?

तुझ्या कागदाची वाट बघणं मी सोडलंय. कुमाकिचीनं आणि मी मिळून पुलासाठी सुरूचं एक जाड झाड तोडलं आणि तीन दिवस खपून दरीपर्यंत ओढत नेलं. तोएमोनबाबा आले आणि त्याच्यावर बसले. एवढंच. काठी टेकून बसले.

"उठा, बाबा."

"नाही."

"कुणाच्या हुकमानं बसलात?"

"किल्ल्याच्या."

"किल्ल्यात आता राजे नाहीत. खंदकात लोक बदकं पाळतात म्हणे."

"मग बदकांकडून कागद आण."

मी म्हटलं, "या दरीवर जन्मात कधी पूल झालाच नाही का?"

"झाला की. मी स्वतः दोनदा बांधलाय. नवे राजे गादीवर आले की एकदा ही वाट बघायला येत. पूल पालखीसाठी असतो, नुई. किल्ल्यावरून आगाऊ सूचना येते, अमुक दिवशी पालखी येईल, की आम्ही पूल टाकतो. पालखी परत जाईपर्यंत तो राहतो. ती गेली की उतरवतो. लाकडं अजून देवळाच्या जोत्याखाली आहेत, वाळवी लागू दिलेली नाही मी. पण पालखी नाही, तर पूल नाही."

"आणि सुईण नाही तर नातू नाही, त्याचं काय?"

ते तिथून उठले नाहीत. दरीकडे बघत राहिले. अंधार पडल्यावर आम्ही घरी आलो, ते तिथेच बसून होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा माणूस. दोन वर्षं झाली, मी त्यांच्या घरचं पाणी प्यायलेली नाही.

आता मी दरीच्या कडेला पायऱ्या खोदायला घेतल्यात. खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, पलीकडे चढायचं. पायऱ्यांबद्दल किल्ल्याचा हुकूम नाही, मी विचारून घेतलंय. खडक कठीण आहे, हाताची सालटी निघतात. निघू देत. तुझ्याच्यानं काही होत नसेल तर तसं लिही, म्हणजे मी तुझ्याकडे डोळे लावून बसायला नको.

नुई

&nbsp;

तोगावा
दहावा महिना, दुसरा दिवस

ताई,

पायऱ्या खोदणं थांबव. नको, थांबवू नकोस, तोएमोनबाबांना संशय येईल. पण हात राखून खोद.

तू रागाच्या भरात जे लिहून गेलीस, ते तुझं तुलाच दिसलं नाही. पालखी नाही तर पूल नाही. मग पालखी आली तर?

आगाऊ सूचना आमच्याच खात्यातून निघत. आत कोण बसलंय ते त्यात कधीच लिहीत नसत, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. तशी एक सूचना मी आज लिहिली, जुन्या कागदावर, जुन्या वळणाच्या अक्षरात. 'अकराव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी हिनोकुराच्या वाटेनं एक पालखी जाईल. पूर्वापार रिवाजाप्रमाणे तयारी असावी.' यात खोटं अक्षर एकही नाही. पालखी खरोखरच येईल. मीठवाल्याबरोबर हे पत्र तुला आणि सूचना तोएमोनबाबांना पाठवतोय.

पालखीचं म्हणशील तर किल्ल्याच्या कोठारात राणीवशाच्या जुन्या पालख्या पडल्यात. कचेरीचा आचारी त्या सरपणाला फोडत होता. एक मी मागून घेतली. रंग उडालाय, पण छत शाबूत आहे. मग भोयांकडे गेलो. राजांचे भोई सगळे बेकार. त्यांचा म्होरक्या हिकोसाकू, दात पडलेत पण खांदे अजून बैलाचे. म्हणाला, "आत कोण बसणार?"

"सुईण."

"वजनाला कशी आहे?"

मी खरं ते सांगितलं.

"मग दुप्पट माणसं आणतो," म्हणाला, आणि पैशाचं नावही काढलं नाही. पुन्हा एकदा पालखी उचलायला मिळते यातच तो खूश होता.

तोराबाईंना साकाशिता गावातून उचलतील. तू त्यांना निरोप धाड आणि मूल होईपर्यंत तुझ्याकडेच ठेवून घे. नव्या साहेबाला कळलं तर राजांच्या स्वारीचं सोंग आणलं म्हणून मला कचेरीतून हाकलतील. शेंडी तुटो की पारंबी. माझी शेंडी तर तुटलीच आहे.

तोकुजिरो

&nbsp;

हिनोकुरा
दहावा महिना, सव्विसावा दिवस

तोकू,

तुला लहानपणी मी बावळट म्हणायचे, ते शब्द परत घेते.

सूचना आली तेव्हा मी मुद्दाम बाबांच्या अंगणाशी घोटाळत होते. त्यांनी ती उभ्यानं वाचली. पुन्हा वाचली. मग कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी उजाडताच देवळाच्या जोत्याखालची लाकडं बाहेर आली. काय सांगू तुला, आम्हा बायकांना पत्ताच नव्हता, पण प्रत्येक घरातल्या पुरुषाला आपापली तुळई माहीत आहे. पोराटोरांनासुद्धा, ज्यांनी पूल कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांनाही बापानं सांगून ठेवलंय की आपली पलीकडून तिसरी. दोरखंड नवे वळले. बायकांनी राजांच्या स्वारीचा मान म्हणून दारोदार वाळूचे ढीग घातले, पाण्याच्या बादल्या भरून मांडल्या. आंधळ्या वळणावरचा बांबू बाबांनी स्वतःच्या हातानं तोडला. दोनशे वर्षांत त्याला कुणी कोयता लावला नव्हता.

पूल झालाय. मी त्याच्यावरून चालत गेले आणि चालत आले. खाली बघायची गरजच पडली नाही.

पण तोकू, मला रात्री झोप येत नाही. ऐंशीच्या घरातला माणूस थंड पाण्यानं अंघोळ करून, राजे येणार म्हणून पोरांना कपाळ जमिनीला कसं टेकवायचं ते शिकवतोय. खोटं आपण बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. त्यांचा मला राग आहे, तो कधी जायचा नाही. तरी सगळ्या गावासमोर त्यांचं हसं झालेलं मला बघवणार नाही. काल सांगून टाकायला गेले. ते आपला ठेवणीतला अंगरखा उन्हात घालत होते.

"बाबा, त्या पालखीबद्दल बोलायचं होतं."

"पालखी येऊन गेली की बोल," म्हणाले. "आत्ता मला काम आहे."

मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मोठेपणाची धुंदी चढलीय, दुसरं काय. मी परत आले. योनेचं पोट खाली उतरलंय. आता माघार नाही, मग कुणाचं काहीही होवो.

नुई

&nbsp;

तोगावा
अकरावा महिना, नववा दिवस

ताई,

आज पहाटे पालखी निघाली. शहरात बर्फ भुरभुरतोय, तुमच्याकडे गुडघाभर असेल. हिकोसाकूनं कुठून तरी राजांच्या स्वारीपुढे मिरवायचा पिसांच्या टोकाचा भालासुद्धा पैदा केलाय, नको म्हटलं तरी ऐकेना. मीठवाला त्यांच्याच मागोमाग निघालाय, हे पत्र त्याच्याकडे देतो.

नव्या साहेबानं विचारलं, सकाळी ते भोई कुठे निघाले होते? मी म्हटलं, एका बाळंतिणीकडे. मी थट्टा करतोय असं वाटून तो हसला. मीही हसलो. कागदावरची अक्षरं मात्र दिवसभर दिसत नव्हती.

बाबांना कळलं तर सगळा दोष माझ्यावर घाल. नातवंडाचं कळव, लगेच कळव.

तोकुजिरो

&nbsp;

हिनोकुरा
अकरावा महिना, पंचविसावा दिवस

तोकू,

मुलगी झाली. रडली, तोकू. इतकी रडली की देवळात उतरलेले भोई उठून आले.

आता पहिल्यापासून सांगते. दहाव्या दिवशी दुपारी वळणाच्या पलीकडून हिकोसाकूची आरोळी आली, "खाली! खाली बसा!" सगळं गाव बर्फात ओणवं झालं. तोएमोनबाबा सगळ्यांच्या पुढे, त्यांचा ठेवणीतला अंगरखा बर्फात भिजतोय. पालखी पुलावर आली. फळ्या करकरल्या. आणि नेमकी पुलाच्या मध्यावर आतून एक शिंक आली. तोराबाईंची शिंक. या खोऱ्यात ती शिंक ओळखणार नाही असा माणूस नाही, निम्मं गाव त्यांच्याच हातावर जन्मलंय. पण कुणाची मान वर झाली नाही. माझ्या बाजूला कुणीतरी बर्फात तोंड खुपसून हसत होतं. बाबांचं कपाळ जमिनीवर होतं तसंच राहिलं.

पालखी माझ्या दारात उतरली. तोराबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं नुई, राण्या यात बसून मरत कशा नसत? लवकर काहीतरी गरम दे."

चार दिवसांनी कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू होतं. तोराबाईंनी मला योनेचे खांदे धरून बसवलं आणि बाहेर कुमाकिचीला ओरडून सांगितलं, "रडायचं असेल तर लांब जाऊन रड." पुढचं लिहीत नाही. त्या नसत्या तर आज मी दोन चिता पेटवल्या असत्या. योने आता भाताची पेज पिते आणि मुलीला शिंक आली तरी घाबरते.

आज सकाळी परतीचा दिवस ठरला होता. भोई पालखीपाशी आले. इतके दिवस देवळात बसून त्यांनी गावची दारू संपवलीय, तेव्हा गावही त्यांना निरोप द्यायला उत्सुक होतं. एवढ्यात तोएमोनबाबा आले. अंगात तोच अंगरखा, हातात करवत, मागे सगळे गडी. पालखी पलीकडे गेली की पूल उतरवायचा, हा रिवाज. मला राहवलं नाही. मी ओटीवरून उतरून त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकले.

"बाबा, ती पालखी राजांची नव्हती."

"माहीत आहे."

"आत तोराबाई होत्या."

"पन्नास वर्षं ती शिंक ऐकतोय मी."

"म्हणजे तुम्हाला पुलावर कळलं?"

"सूचना आली तेव्हाच कळलं. राजे टोकियोला गेले हे मलाही समजतं, नुई. मी म्हातारा आहे, खुळा नाही."

"मग पूल कसा बांधलात?"

"सूचना आली होती ना." एवढं बोलून ते थांबले. मग हळूच, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "माझी पहिली बायको, ओसेन. तीही अशीच अलीकडे, सुईण पलीकडे. ओंडका माझ्या वडिलांनी ओढला होता, दुसरं टोक माझ्या हातात होतं. ती गेली, मूल गेलं. पुढे हे गाव माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी ओंडका ओढताना मी किल्ल्याच्या वाटेकडे बघायचो. कुणीतरी येईल, कागद देईल, मग मी पूल बांधीन. मला नुसता एक कागद हवा होता गं. एवढ्या वर्षांत कुणाला पाठवावासा वाटला नाही. तुझ्या भावाला वाटला."

तोकू, दोन वर्षं मी या माणसाला दगड म्हणत आले. ओंडक्याशेजारी ते रात्रभर बसले होते तेव्हा त्यांच्यासमोर कोण होतं, ते मला आज कळलं. मी त्यांना माफ केलंय का, ते अजून माझं मलाच ठरवता येत नाही. माझा नातू गेला तो गेला. पण मी आत जाऊन चहा केला आणि त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो घेतला.

मग ते उठले. आम्हाला वाटलं पुलाकडे जातील. ते पालखीकडे गेले. हिकोसाकूला बाजूला केलं, पालखीचा दांडा बाहेर काढला, माझ्या ओटीच्या कडेला टेकवला आणि करवतीनं मधोमध कापला. म्हाताऱ्याला दम लागत होता, पण कुणाला हात लावू दिला नाही. सगळे बघत राहिले. दोन तुकडे झाल्यावर करवत खाली ठेवली आणि गावाकडे वळून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पालखीचा दांडा मोडलाय. पालखी परत जाऊ शकत नाही. आणि पालखी परत जाईपर्यंत पूल उतरवायचा नाही, असा किल्ल्याचा हुकूम आहे."

तोराबाईंनी तेवढं गाठोडं उचललं, पुलाच्या कठड्याला धरलं आणि आपल्या पायांनी सावकाश निघाल्या. त्या पलीकडे पोचेपर्यंत बाबा बघत उभे होते.

मागून आमच्या सुताराला शहाणपण सुचलं. म्हणाला, "बाबा, त्यात काय एवढं, नवीन दांडा मी दुपारपर्यंत करून देतो."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्या दिवशी माझ्या सुरूवर बसून माझ्याकडे पाहिलं होतं.

"किल्ल्यावरून कागद येऊ दे," म्हणाले.

तेव्हा तोकू, तसला कागद चुकूनही पाठवू नकोस.

तुझी ताई,
नुई